बहात्तरच्या दुष्काळावरील भाषणाचे टाचण

गेल्या डिसेंबरात शेजारच्या गावातील सार्वजनिक वाचनालयाचे चिटणीस घरी आले आणि वाचनालयाच्या तीन दिवसांच्या व्याख्यानमालेतील दुसरे पुष्प मी गुंफावे, असा आग्रह त्यांनी धरला. विषय ते ठरवूनच आले होते : ‘बहात्तरचा दुष्काळ आणि रोजगार हमी’. आमचा भाग सांगली जिल्ह्याच्या पूर्वेचा, ज्याला पावसाने कधीच भरवसा दिला नाही असा. त्यामुळे या विषयाला श्रोते मिळतील की नाही, ही शंका नव्हती. शंका होती ती मला स्वतःबद्दल. मी माध्यमिक शाळेत २६ वर्षे इतिहास आणि मराठी शिकवले आहे, पाठ टाचण काढल्याशिवाय एकाही तासाला गेलेली नाही, आणि तरीही काही वर्षांपूर्वी एका व्याख्यानात माझी सगळी तयारी ऐन वेळी कोलमडली होती.

त्या वेळी मी १४ फुलस्केप पाने लिहून नेली होती. स्वागत, दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, परिचय आणि सत्कार यांत बराच वेळ गेला, मी नवव्या पानावर असताना संयोजकांची ‘५ मिनिटे’ अशी चिठ्ठी पुढे आली, आणि साऱ्या विवेचनातून जे काही निघणार होते ते नेमके शेवटच्या पानांवर होते. मी पाने उलटत राहिले, मधली वाक्ये गाळत गेले आणि कसाबसा समारोप करून खाली बसले. लोकांनी टाळ्या वाजवल्या; पण मी काय सांगायला आले होते ते त्यांना कळले नाही, कारण ते मी सांगितलेच नव्हते. हे दुःख मला फार दिवस पुरले. दोष संयोजकांचा नव्हता. पाठ टाचणाची सवयच मला नडली होती. वर्गात तास संपला तर उरलेला मुद्दा उद्या घेता येतो, मुलांना मागचे पान उघडा म्हणता येते. व्याख्यानाला उद्या नसतो, आणि श्रोत्याच्या हातात पुस्तक नसते.

म्हणून या वेळी होकार देण्याआधी मी चिटणिसांनाच प्रश्न विचारले. व्याख्यान कुठे आहे, किती वाजता आहे, समोर कोण बसते, माझ्या आधी काय काय होणार आहे. व्याख्यान विठ्ठल मंदिराच्या सभामंडपात, रात्री आठला, म्हणजे जेवणे उरकून. पुढे सतरंजीवर बायका बसतात, त्यांतल्या बऱ्याच बचत गटाच्या. कडेच्या ओट्यावर म्हातारी माणसे. मागे उभी राहणारी दहावीची मुले, ज्यांना शाळेने पाठवलेले असते. “मॅडम, तुम्ही पाऊण तास घ्या,” ते म्हणाले, “पण आधीचं किती लांबेल ते आमच्या हातात नसतं.” हे त्यांनी प्रांजळपणे सांगितले, आणि या एका वाक्याने माझ्या आराखड्याचा निम्मा आकार ठरवला.

त्यांच्या उत्तरातली दुसरी गोष्ट मला अधिक विचारात पाडणारी होती. ज्या बायकांपुढे आणि म्हाताऱ्यांपुढे मी बोलणार होते, त्यांतल्या अनेकांनी तो दुष्काळ अंगावर काढला होता. माझा जन्म १९६८ चा. मला त्यातले काहीच आठवत नाही. मागे उभ्या राहणाऱ्या मुलांना तर बहात्तर हा आकडाच कळणार नव्हता. एकाच मंडपात एकाला सारे ठाऊक आणि दुसऱ्याला काहीच नाही, अशा वेळी नुसती माहिती सांगणारे भाषण दोघांनाही निरुपयोगी ठरते.

पंधरा दिवस मी केवळ जमवाजमव केली. जुन्या वह्यांचे पाठकोरे कागद कापून चिठ्ठ्या केल्या आणि एका चिठ्ठीवर एकच गोष्ट, असा नियम पाळला. पाऊस लागोपाठच्या हंगामांत फसत गेला आणि १९७२ साली त्याने पुरतीच पाठ फिरवली, ही एक चिठ्ठी. मुख्यमंत्री वसंतराव नाईक होते, ही दुसरी. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यातील दुष्काळी कामांवरील मजुरांची संख्या ५० लाखांच्या घरात पोहोचली होती, ही तिसरी. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे हे आमच्याच जिल्ह्याचे; तासगाव तालुक्यातील विसापूर हे त्यांचे गाव, आणि मागेल त्याला काम देण्याची कल्पना त्यांनी दुष्काळाच्या आधीपासून याच परिसराच्या अनुभवावरून मांडली होती. असे काम देण्याच्या खर्चासाठी १९७५ साली व्यवसाय कराचा कायदा झाला, १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. व्यवसाय कराची चिठ्ठी लिहिताना मी थांबले, उठून कपाटातून माझी वेतन चिठ्ठी काढली आणि कपातीच्या रकान्यातला दोनशे रुपयांचा आकडा पाहिला. तो आकडा इतकी वर्षे दर महिन्याला माझ्या डोळ्यांसमोर होता आणि त्याचे मूळ मी कधी शोधले नव्हते.

कागदावरची माहिती जमली तरी मला एक माणूस हवे होते, म्हणून मी थोरल्या आत्यांकडे गेले. त्या बहात्तर साली एकोणीस-वीस वर्षांच्या, नव्याने सासरी आलेल्या. त्यांनी पहिली गोष्ट काढली ती मिलोची. अमेरिकेतून आलेली ती लालसर ज्वारी आमच्याकडच्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाच्या तोंडी आजही आहे. “भाकरी थापताना तुटायची गं,” आत्या म्हणाल्या, “आणि रंग असा, की पोरं ताटाकडं बघत बसायची.” मग त्यांनी आपला डावा हात पुढे केला. खडी फोडताना दगड धरायचा तो हात. बोटांना चिंध्या गुंडाळून बसायचे, तरी हातोडी चुकायचीच. तर्जनीचे नख तेव्हा चेचले ते नंतर सरळ वाढलेच नाही. मी ते नख पाहिले. मधोमध उभी रेघ आणि तिच्या दोन्ही बाजूंना दोन वेगळ्या नखांसारखे उतार. त्या रात्री ही चिठ्ठी लिहिताना मी कुठलेही विशेषण लावले नाही.

सगळ्या मिळून ६३ चिठ्ठ्या झाल्या. पहिला आराखडा मी त्यांचा काळाच्या क्रमाने केला, कारण इतिहासाच्या शिक्षकाचा हात आपोआप तिकडेच जातो : आधीचे दुष्काळ, मग पावसाचे बिघडणे, मग धान्यटंचाई, मग कामे, मग योजना, मग कायदा. क्रम निर्दोष होता. तो तपासण्यासाठी मी दहावीतल्या एका विद्यार्थ्याला शाळा सुटल्यावर थांबवून घेतले, वीस मिनिटांत त्याला सारे तोंडी सांगितले, आणि दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्याला काय आठवते ते विचारले. तो प्रामाणिक मुलगा आहे. थोडा वेळ विचार करून म्हणाला, “मिलो लाल होता, मॅडम.” आणखी काही? “लोक खडी फोडायचे.” बस्स. सन, कायदे, पागे यांचे नाव, यांतले काहीही त्याच्यापाशी उरले नव्हते.

मी निराश झाले नाही, उलट मला वाट सापडली. त्याच्याकडे दोन वस्तू उरल्या होत्या, आणि त्या दोन वस्तूंमधले नाते मी त्याला सांगितले नव्हते. मिलो हे दिलेले धान्य होते. खडी ही केलेल्या कामाची खूण होती. पहिल्यात माणूस घेणारा असतो, दुसऱ्यात कमावणारा. आणि कायदा आला तेव्हा तो मागणारा झाला, हक्काने मागणारा. मला सांगायचे होते ते हेच. त्या रात्री मी ते एका वाक्यात बसवायला घेतले आणि सात-आठ वेळा खोडून असे लिहिले : बहात्तर साली जे काम सरकारने दिले म्हणून मिळाले, तेच काम सात वर्षांनी कायद्याने मागता येऊ लागले.

माझ्या मते भाषणाच्या आराखड्यातले सर्वांत कष्टाचे काम हे एवढेच आहे. हे वाक्य हाती नसताना मुद्द्यांची मांडणी करणे म्हणजे कुठल्या गावाला जायचे ते न ठरवता सामान बांधणे. वाक्य मिळाल्यावर मात्र चिठ्ठ्या आपापली जागा स्वतः सांगू लागतात. मी त्या पलंगावर पसरल्या आणि प्रत्येकीला एकच प्रश्न विचारला : ही नसेल तर ते वाक्य लंगडे पडते का? ६३ पैकी २१ उरल्या.

ज्या काढल्या त्यांतल्या काहींनी मला फार यातना दिल्या. चौदाव्या शतकाच्या अखेरीस पडलेला दुर्गादेवीचा दुष्काळ मला सांगायचा होता, कारण त्याचे नाव ऐकताच म्हातारी माणसे मान डोलावतात. पण तो माझ्या वाक्याला काहीच देत नव्हता. १८७६-७८ च्या दुष्काळाची चिठ्ठी याहून कठीण. इंग्रज अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांच्या धोरणानुसार दुष्काळी कामावरच्या मजुरीत दिवसाच्या धान्याचे माप एक पौंडापर्यंत खाली आणले गेले, मुंबई इलाख्यातील मजुरांनी त्या मजुरीवर कामाला जाणे नाकारले, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने दुष्काळग्रस्तांची बाजू सरकारपुढे मांडली. मजुरी मागणाऱ्या माणसाची ही केवढी मोठी गोष्ट आहे! ती विषयाला धरूनही होती. तरीही मी ती बाजूला ठेवली, कारण ती सांगायची तर इंग्रजी अमदानी, टेंपल, सार्वजनिक सभा हे सारे आधी उभे करावे लागले असते, आणि त्यात दहा मिनिटे गेली असती. ते स्वतंत्र व्याख्यान आहे. कोणी प्रश्न विचारलाच तर उत्तरात सांगता येईल, म्हणून ती चिठ्ठी मी पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली.

आकड्यांबाबत मी स्वतःला तीन आकड्यांची मर्यादा घालून घेतली. ऐकणारा आकडा पाहत नाही, तो केवळ त्याचा आवाज ऐकतो आणि पुढच्या वाक्याला विसरतो. ५० लाख मजूर, अर्ज केल्यापासून १५ दिवसांत काम, आणि माझ्या वेतन चिठ्ठीतले दोनशे रुपये, एवढे तीन ठेवले. शेवटचा आकडा ठेवण्यामागे विचार होता : नोकरदारांच्या पगारातून कापलेला पैसा आणि सरकारने त्यात घातलेली भर यांतून खेड्यातल्या माणसाच्या हाताला काम मिळत होते, हे नाते ती चिठ्ठी हातात धरून दाखवले की समजावून सांगावे लागत नाही.

क्रम लावताना मला कीर्तनाचा आधार वाटला. आमच्या गावांत लोक लहानपणापासून वारकरी कीर्तन ऐकतात. बुवा आधी अभंग सांगतात, मग एकेका चरणावर निरूपण करतात, दृष्टांतात कितीही लांब गेले तरी फिरून त्या चरणावर येतात, आणि टाळकरी ध्रुपद उचलून धरतात. श्रोत्याला आपण कुठे आहोत ते त्यामुळे प्रत्येक वेळी कळते. ही ज्यांची सवय आहे त्यांच्यापुढे आपले मुख्य वाक्य शेवटपर्यंत झाकून ठेवणे चुकीचे, हे मला पटले. म्हणून मी ते वाक्य सुरुवातीच्या पाच मिनिटांतच सांगायचे ठरवले आणि पुढे दोन ठिकाणी त्याच्याकडे परत यायचे ठरवले. भाषणाचे तीन भाग झाले : मिलो, खडी आणि अर्ज. काळाचा क्रम पुरता मोडला नाही, पण आता प्रत्येक भागाला हातात धरता येईल अशी एक वस्तू होती. तिन्ही भाग सारखे करण्याचा मोह मी टाळला. मिलोला आठ मिनिटे, खडीला वीस, अर्जाला बारा. कारण मधल्या भागातच समोरच्या बायकांचे आयुष्य होते, आणि दुष्काळी कामांवर बायका मोठ्या संख्येने होत्या, झाडाखाली झोळीत मुले निजवून त्या काम करत होत्या, हे सांगायला वेळ हवा होता.

टिपणे कशावर लिहावीत हा प्रश्न किरकोळ वाटतो, पण मागच्या वेळी फुलस्केप कागदांच्या सळसळीने माइकमधून जो आवाज होत होता तो मी विसरले नव्हते. या वेळी जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी घेतल्या. कागद जाड, हातात मावणारा, आवाज न करणारा. पाच पत्रिका पुरल्या. त्यांवर मुद्दे एकेका शब्दात लिहिले, आणि पूर्ण वाक्ये मोजकीच : पहिले वाक्य, शेवटचे वाक्य आणि सांध्यांची वाक्ये. सांधे म्हणजे एका भागातून दुसऱ्या भागात जायच्या जागा. मागे वळून पाहिले तर माझी भाषणे नेहमी याच जागी अडखळली आहेत. मुद्दा बोलताना शब्द सुचतात, कारण मुद्दा मनात असतो. पण तो संपल्यावर पुढच्यावर कसे जायचे ते न ठरवल्यास माणूस ‘आणि दुसरी गोष्ट अशी’ म्हणून उडी मारतो, आणि ऐकणारा अलीकडच्या काठावर राहतो. मिलोवरून खडीवर जायचे वाक्य मी असे लिहिले : “धान्य आले, पण ते विकत घ्यायला हातात पैसा लागत होता, तो जिथे मिळायचा त्या रस्त्याच्या कामावर आता आपण जाऊ.” हे वाक्य मी पाठच केले.

सरावासाठी मी फोनवर घड्याळ लावून स्वयंपाकघरात उभी राहिले. पहिल्यांदा ५८ मिनिटे झाली. शब्द घाईने उच्चारून वेळ वाचवण्यापेक्षा मी दोन चिठ्ठ्या आणखी काढल्या, आणि तरीही मनात चिटणिसांचे वाक्य होतेच. म्हणून प्रत्येक पत्रिकेच्या कोपऱ्यात तिथवर किती मिनिटे व्हायला हवीत ते लिहिले, आणि जे मुद्दे गाळले तरी इमारत उभी राहील त्यांच्याभोवती पेन्सिलीने चौकट काढली. वसंतराव नाईक यांच्या सरकारचे निर्णय, २००५ चा देशव्यापी कायदा आणि त्यातले वर्षाला १०० दिवस, पाझर तलावांची आणि बांधबंदिस्तीची कामे, यांना चौकटी पडल्या. काय गाळायचे ते व्यासपीठावर ठरवायची वेळ येऊ नये, हे घरीच ठरलेले असावे, हे मागच्या अनुभवाने मला शिकवले होते.

व्याख्यानाच्या दिवशी कार्यक्रम चाळीस मिनिटे उशिरा सुरू झाला. सत्कार लांबले, एका मान्यवरांनी मनोगत व्यक्त केले, आणि माझ्या हाती माइक आला तेव्हा मागची काही मुले जायला निघाली होती. मी चौकटीतले मुद्दे एकही न घेता बोलायचे ठरवले आणि पहिले वाक्य म्हटले : “इथे बसलेल्यांपैकी कोणी कोणी मिलोची भाकरी खाल्ली आहे?” पुढच्या रांगांतून हात वर झाले, ओट्यावरून आवाज आले, आणि मागची मुले आपापल्या आजीकडे पाहू लागली. ती थांबली. मुलांना सांगणारी मी एकटी राहिले नाही, हे या एका प्रश्नाने केले. तो माझ्या पत्रिकेवर पहिल्या जागी होता तो याचसाठी.

खडीचा भाग चालू असताना मी मजुरीबद्दल बोलत होते. रोजगार हमीत मजुरी मोजलेल्या कामावर असते, बाई आहे म्हणून दर कमी नसतो, हा मुद्दा मी सांगितला आणि क्षणभर थांबले. तेवढ्यात सतरंजीवरून एक आजी उभ्या राहिल्या. नऊवारीचा पदर डोक्यावर, हातात काठी. मला वाटले त्यांना घरी जायचे असेल. त्या म्हणाल्या, “बाई, मजुरीचं खरं हाय. पर मी दुसरंच सांगते. माझं नाव कागदावर पयल्यांदा लिवलं ते मस्टरावर. त्याआदी कुटं नव्हतं. मुकादमानं इचारलं, नाव काय? मी मालकाचं सांगितलं. तो म्हणला, तुझं सांग.”

मंडपात कोणी काही बोलले नाही. माझ्या हातात तिसरी पत्रिका होती आणि तिच्यावर पुढचा मुद्दा लिहिलेला होता. तो मी वाचला नाही. अर्जाच्या भागावर जाण्यासाठी मी जे सांध्याचे वाक्य घरी बेतले होते, त्याची गरजच उरली नव्हती, कारण आजींनी ते माझ्यापेक्षा चांगले सांगितले होते. मी एवढेच म्हणाले, “तुझं सांग, असं त्या मुकादमाने यांना विचारलं. पुढे कायदा आला, आणि हे नाव आपण होऊन अर्जावर लिहिता येऊ लागलं.” मग वेतन चिठ्ठी काढून दाखवली, पंधरा दिवसांची अट सांगितली, मुख्य वाक्य तिसऱ्यांदा म्हटले आणि थांबले. कोपऱ्यातल्या मिनिटांनुसार मला अजून सात मिनिटे होती. ती मी प्रश्नांना दिली. टेंपल यांच्या दुष्काळाबद्दल कोणी विचारले नाही. ती चिठ्ठी पर्समध्येच राहिली.

आभार झाले, पसायदान झाले, चहा झाला. चिटणीस मला घरी सोडायला आले तेव्हा वाटेत त्यांनी सांगितले की त्या आजी दरवर्षी तिन्ही दिवस येतात आणि आजवर कधी बोलल्या नव्हत्या.

पुढच्या महिन्यात तालुक्याच्या गावी महिलांच्या मेळाव्यात याच विषयावर बोलायचे आहे, पंचवीस मिनिटे. काल रात्री मी त्या पाच पत्रिका पुन्हा बाहेर काढल्या. मधल्या भागात आजींच्या बोलण्यासाठी एक जागा करून पाहिली, पण ती तिथे नीट बसेना. शेवटी मिलोची पत्रिका दुसऱ्या जागी सरकवली, एक नवी कोरी पत्रिका घेतली, तिच्यावर १ हा आकडा घातला आणि खाली दोन शब्द लिहिले : “नाव काय?”